फायबरची सोयरीक

किसनराव तायडे ज्या घरात चहा प्यायले त्या घरात वर्षभरात मांडव पडतो, असं अकोल्यात बोललं जायचं, आणि हे बोलणं पसरवण्यात खुद्द किसनरावांचा हात अगदी थोडा होता. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाल्यापासून समाजातल्या मुलामुलींची लग्नं जुळवणं हेच त्यांचं काम होऊन बसलं होतं. त्यासाठी ते कुणाचा पैसा घेत नसत, मान मात्र पुरेपूर घेत. कौलखेडच्या सम्यक कॉलनीतल्या त्यांच्या पुढच्या खोलीबाहेर रोज संध्याकाळी चपलांची गर्दी असायची. कुणाचा मुलगा बँकेत, कुणाची मुलगी नर्स, कुणाला बार्शीटाकळीचंच स्थळ पाहिजे, कुणाला बार्शीटाकळी सोडून कुठलंही चालेल. किसनराव सुपारी कातरत सगळ्यांचं ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "पाहू." एवढ्यावर लोक घरी जाऊन निर्धास्त झोपत.

त्यांची पद्धत ठरलेली होती. मध्यस्थ काय सांगतो ते एका कानानं ऐकायचं. मुलाला पाहायला फार वेळ घालवायचा नाही, कारण "त्या दिवशी तो इस्त्रीचाच असते." न सांगता, दिवेलागणीला, लोक कामावरून येऊन पाय धूत असतात त्या वेळी घरावर जाऊन धडकायचं. पाणी मागायचं, ग्लास पाहायचा, मोरीकडे नजर टाकायची, म्हातारीला औषध कोण देतं ते विचारायचं. अशी तीन घरं फिरली की खरं काय ते बाहेर पडतं. त्यांनी जुळवलेली बहुतेक लग्नं टिकली होती, आणि जी टिकली नाहीत त्यांत किसनरावांच्या मते पद्धतीचा काही दोष नव्हता.

असा माणूस घरात असताना फायबर निवडायचं काम दुसऱ्या कुणाकडं जाणं शक्यच नव्हतं.

फायबर पाहिजे होतं सुनेला. ज्योत्स्ना अमरावतीची, गणितात बीएस्सी. लग्नाआधी तिथल्या एका क्लासमध्ये शिकवायची आणि तिचा वर्ग आधी भरायचा. लग्नाच्या बैठकीत किसनरावांनी तिच्या वडिलांना दहा माणसांसमोर शब्द दिला होता की पोरगी आमच्याकडं नोकरी करील. मग पिंकी झाली, मग मैनाबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मग अश्विनची नोकरी नांदगाव पेठेतल्या कापड कारखान्यात लागली आणि तो पंधरा दिवसांतून एकदा घरी येऊ लागला. शब्द जागच्या जागी राहिला. अमरावतीचे व्याही गाठ पडली की निघताना फक्त एवढंच विचारत, "मंग, ज्योत्स्नाचं?" आणि किसनराव म्हणत, "पाहू."

आता मार्चअखेर तिनं स्वतःच नोकरी शोधली होती. पुण्याची एक कंपनी आखातात राहणाऱ्या मराठी मुलांना घरबसल्या गणित शिकवायची. सोमवारी संध्याकाळी पहिला वर्ग. पहिला आठवडा चाचणीचा, आणि त्यात नेट गेलं तर आमच्याकडं दुसऱ्या शिक्षिका तयार आहेत, असं कंपनीनं गोड शब्दांत कळवलं होतं. मोबाइलच्या नेटवर भरवसा नव्हता. स्लॅबच्या खोलीत गेलं की ते मान टाकायचं. म्हणजे सोमवारच्या आत घरात वायर यायला पाहिजे होती, आणि ती टिकणारी पाहिजे होती.

"हे माझ्यावर सोड," किसनराव सुनेला म्हणाले. मनातून त्यांना खरंच आनंद झाला होता. व्याह्यांच्या त्या प्रश्नाला एकदाचं उत्तर मिळणार होतं. "माणसं पारखण्यात माझी जिंदगी गेली. कंपन्या काय माणसापेक्षा बेरकी असतात का?"

"फायबर आन नवरदेव एकच हाये का?" आतून मैनाबाईंनी विचारलं.

"एकच हाये. दोन्ही बाहेरून येतात, आन घरात आल्यावरच समजतात."

यावर मैनाबाई काही बोलल्या नाहीत. किसनरावांनी ते आपल्या बाजूनं धरलं.

पहिलं स्थळ आलं सुसाट फायबरचं. टाय लावलेला एजंट, हातात चकचकीत कागद, बोलणं तुपात घोळलेलं. दोनशेचा स्पीड, राउटर फुकट, वर सिनेमे फुकट, फक्त एका वर्षाचं बांधून घ्यायचं. दुसरं स्थळ गल्लीतलंच होतं. मागच्या ओळीत राहणारा ललित, ज्याचा केबल टीव्हीचा धंदा बसत चालला तेव्हा त्यानं वेळीच फायबर ओढायला घेतलं होतं. तो मोटारसायकलवरून आला, खांद्यावर वायरचं भेंडोळं, चहाला नको म्हणाला आणि उभ्याउभ्याच बोलला.

"काका, शंभरचा स्पीड देतो. महिन्याचे महिन्याले पैसे. नाही पटलं तं पुढच्या महिन्यात काढून टाका, मी काई म्हननार नाई."

तो गेल्यावर किसनराव बराच वेळ मान हलवत बसले. "जो पहिल्याच बैठकीत सोडचिठ्ठीची गोठ करते," ते मैनाबाईंना म्हणाले, "त्याच्याशी सोयरीक कशी जमवावं? आन तो दुसरा पाहा. वर्षाचं बांधून घ्या म्हनते. त्याले निभवाचं हाये."

ज्योत्स्ना दारात उभी होती. "बाबा, शंभर बी लय होते माझ्या वर्गाले," ती म्हणाली. "खंड नाई पडला पायजे, एवढंच."

"ते पाहून राहिलो ना मी," किसनराव म्हणाले आणि चपला घालून चौकशीला निघाले.

ललितची चौकशी शेजारच्या भिंतीपाशीच उरकली. जानरावांकडे त्याचंच कनेक्शन होतं. नुसतं नाव काढायचा अवकाश, जानराव खुर्चीतून पुढं सरकले.

"ललितचं नेट? कायचं नेट बाप्पा. परवा मॅच अशी रंगात आली आन गेलं. म्या फोनवर असा झापला त्याले. आला धावत, चढला पोलवर. मांगच्या महिन्यात वाऱ्यानं वायर तुटली, तवा बायकोनं झापला. आमी दोघं पारीपारीनं झापतो त्याले."

"म्हंजे तक्रारी हायेत."

"तक्रारीच तक्रारी," जानराव समाधानानं म्हणाले.

कोपऱ्यावरच्या पीठगिरणीवाल्यानंही ललितच्या नावानं बोटं मोडली. गिरणीत नेट कशाला पाहिजे हे किसनरावांनी विचारलं नाही. त्यांचं ललितपुरतं काम झालं होतं. ज्या मुलाला त्याचे शेजारीच नावं ठेवतात, त्याच्या घरी ते कधी दुसरा चहा पीत नसत.

सुसाटची चौकशी मात्र त्यांनी पुऱ्या पद्धतशीरपणे केली. वरच्या ओळीतल्या बंडू इंगळेकडं सुसाटचं कनेक्शन होतं. दिवेलागणीला किसनराव त्याच्या फाटकाशी उभे राहिले. फाटकाचा आवाज होताच आत कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "किसनकाका आले," आणि मग भांडी आवरल्याचा, पंखा मोठा केल्याचा आणि एक दार लावल्याचा असे तीन आवाज झाले. बंडू बाहेर येईपर्यंत आत सोफ्यावर नवं कापड पडलं होतं. बंडूचा धाकटा भाऊ अनुप केस ओले करून, बाहीची बटणं लावत आला आणि पाया पडला.

"बसा काका. काय सेवा?"

"काई नाई. म्हटलं जरा घर पाहू. नेट कसं हाये तुमच्याकडं?"

बंडूनं बायकोकडं पाहिलं. बायको पाण्याचा ट्रे घेऊन पुढं आली. ग्लास घासूनपुसून लख्ख होता, हे किसनरावांच्या नजरेतून सुटलं नाही.

"नेट एकदम चांगलं हाये," ती म्हणाली. "कधीच जात नाई. आमच्या घरात कायचंच टेन्शन नाई काका. सासूबाई बी कधी रागावत नाईत."

"संध्याकाळी चालते का?"

"सकाळी, संध्याकाळी, कवाबी. आमी सगळे मिळूनमिसळून वापरतो."

अनुपनं कुणी विचारलं नसताना सांगितलं की तो सुपारीसुद्धा खात नाही. किसनरावांना यात काही नवल वाटलं नाही. ते जातील तिथं कुणी ना कुणी सुपारी खात नसायचंच. वर्षानुवर्षं त्यांच्यासाठी लोकांनी खुर्च्या पुसल्या होत्या, आणि जगात सगळीकडं खुर्च्या पुसलेल्याच असतात असं त्यांचं मत होऊन गेलं होतं.

दुसरं घर एका नर्सबाईंचं. दोन मुलगे, दोघेही लग्नाचे. नर्सबाईंनी तर सुसाटची एवढी तारीफ केली की थोरल्या मुलाची करायची राहून गेली, मग तीही केली. किसनराव घरी आले ते छाती पुढं काढून.

"पक्कं झालं," त्यांनी जाहीर केलं. "दोन घरं फिरलो, एक शब्द वावगा नाई. ललितले शिव्या, सुसाटची तारीफ. आता याच्यापेक्षा काय पायजे? उद्या रविवार, सकाळी एजंटले बोलावलं हाये. वर्षाचं बांधून घेऊ."

ज्योत्स्ना पिंकीची वेणी घालत होती. तिचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले.

"तुमाले ठीक वाटन ते," ती म्हणाली.

अश्विननं फोनवर तेच सांगितलं: बाबा म्हणतील तसं. सगळं घर एकमतानं चाललं होतं, आणि एकमत म्हणजे किसनरावांचं मत, ही घराची जुनी रीत होती.

तिसरं घर पाहायची खरं तर गरज उरली नव्हती. पण पद्धत म्हणजे पद्धत, म्हणून शनिवारी संध्याकाळीच ते माणिकबाईंकडं गेले. माणिकबाई जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेल्या, नवरा नाही, एकुलती एक आरती स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी. किसनरावांना दारात पाहून माणिकबाईंनी पदर सारखा केला आणि आतल्या दिशेनं डोळ्यांनी काहीतरी खूण केली.

"सहजच आलो," किसनराव टेकत म्हणाले. "तुमच्याकडं सुसाटचं नेट हाये म्हनतात. कसं हाये?"

"चांगलं हाये भाऊ. आमच्या घरी सगळं चांगलंच हाये."

"काई तक्रार?"

"कायची तक्रार? आमी तक्रार करनारे लोक नाई."

असं उत्तर ऐकलं की किसनराव खुश व्हायचे. आजही झाले. मग इकडची तिकडची बोलणी झाली, कुलर आत्ताच काढावा की एप्रिलात, यावर मतभेद झाले, आणि बराच वेळ झाला तरी चहा येईना. शेवटी आतल्या दारातून आरती आली. अंगावर साडी, खांद्याला घाईत लावलेली पिन, हातात पोह्यांचा ट्रे, आणि नजर जमिनीवर.

हा ट्रे किसनरावांनी उभ्या आयुष्यात इतक्यांदा पाहिला होता की तो ओळखायला त्यांना क्षणभरही लागला नाही. बाकीचं ओळखायला मात्र इतका वेळ लागला होता. त्यांच्या डोळ्यांपुढं बंडूच्या सोफ्यावरचं नवं कापड आलं. अनुपचे ओले केस आले. नर्सबाईंचा थोरला मुलगा आला. सासूबाई बी कधी रागावत नाईत, हे वाक्य आलं, आणि नेटच्या चौकशीत सासूबाई कुठून आल्या हा प्रश्न त्यांना आत्ता पडला.

"माणिकबाई," ते हळूच म्हणाले, "मी सोयरीक घेऊन नाई आलो. मी नेट पाहाले आलो."

"नेट?"

"नेट. वायर. माह्या सुनेसाठी."

मग आरतीनं मान वर केली, ट्रे टीपॉयवर आदळला आणि ती जी हसत सुटली ती पिन निघाली तरी थांबेना. माणिकबाई आधी रागावल्या, मग त्यांनाही हसू आवरेना.

"मंग पहिलेच सांगाव ना भाऊ," त्या म्हणाल्या. "म्या पोट्टीले अभ्यासातून उठवून साडी नेसवली."

"सांगतलं होतं ना. पहिलंच वाक्य होतं माह्यं."

"तुमी काय सांगता ते कोन ऐकते? तुमी आले म्हंजे कायले आले ते सगळ्याइले माहीत असते."

"काका," आरती खाली बसत म्हणाली, "संध्याकाळी दिवे लागले की सुसाट नुसतं गोल गोल फिरते. माह्ये लेक्चर मी सकाळी उठून पाहतो. साऱ्या ओळीत हेच हाये."

"बंडूच्या घरी तं चांगलं म्हनले."

"अनुपदादाचं लग्न जमवून द्या, मंग विचारा."

किसनरावांनी पोह्यांची प्लेट खाली ठेवली. "तक्रार नाई केली मंग?"

"केली ना. सुरुवातीले रोज करो," माणिकबाई म्हणाल्या. "नंबर लावला की मशीन बोलते. हे दाबा, ते दाबा. वर्षाचं बांधून घेतलं हाये, सोडता बी येत नाई. कोनी ऐकतच नाई तं किती दिवस बोलावं? मंग सोडून देल्लं बोलनं. आता कोनी विचारलं तं चांगलं हाये म्हनतो. तेवढीच भानगड कमी."

किसनराव उठले. पोहे अर्धे राहिले, हे त्यांच्या बाबतीत कधी झालं नव्हतं.

घर काही लांब नव्हतं, पण ते सावकाश चालले. स्वतःचाच राग येत होता आणि त्याहून जास्त लाज वाटत होती. इतकी वर्षं लोकांच्या घरात शिरून आपण खरं काढतो असं समजत होतो, आणि लोक आपल्याला पाहून खरं लपवत होते. जानराव तेवढा खरं बोलला, कारण त्याच्या घरात लग्नाचं कुणी उरलं नव्हतं. आणि जानराव बोलला तरी काय? नेट गेलं, फोन केला, झापला, आला धावत, चढला पोलवर. किसनरावांनी त्यातली फक्त शिवी ऐकली होती. ललित धावत येतो म्हणून जानराव त्याला झापत होता. माणिकबाईंचं ऐकणारं कुणी नव्हतं, म्हणून त्यांची तक्रार नव्हती. हे उलगडलं तेव्हा किसनराव पीठगिरणीपाशी एकदम थांबले, आणि गिरणीवाला त्यांच्याकडं पाहू लागला.

घरी ज्योत्स्ना कणीक मळत होती. मैनाबाई स्टुलावर बसून मेथी निवडत होत्या. किसनराव सरळ स्वयंपाकघरात आले आणि त्यांनी काही न गाळता सगळं सांगितलं, आरतीच्या साडीसकट. मैनाबाई इतक्या हसल्या की मेथी सांडली. ज्योत्स्ना हसली नाही.

"मले माहीत होतं, बाबा," ती म्हणाली. "सुसाट संध्याकाळी चालत नाई म्हून. पिंकीच्या शाळेपाशी साऱ्या बाया हेच बोलून राहिल्या होत्या."

"मंग तू बोलली काहून नाई?"

"तुमी पाहून राहिले होते ना." तिनं कणकेला पाण्याचा हात लावला. "माही काई तक्रार नाई."

हे वाक्य किसनरावांनी घरात अनेकदा ऐकलं होतं आणि दरवेळी त्यांना बरं वाटलं होतं. अशी सून मिळायला नशीब लागतं, असं ते चारचौघांत म्हणत आले होते. आज मात्र तेच वाक्य माणिकबाईंच्या आवाजात ऐकू आल्यासारखं झालं. ते खाली बसले, फरशीवरच, भिंतीला टेकून.

"ज्योत्स्ना, एक काम कर," ते म्हणाले. "तक्रार कर."

"कायची?"

"जानराव ललितची करते तशी. माही कर, घराची कर. झापलं तरी चालन."

"काही बी बोलता बाबा तुमी."

"सांगून टाक सूनबाई," मैनाबाई खाली पाहतच म्हणाल्या. "असा मौका मले तं आजवर भेटला नाई."

ज्योत्स्नानं कणीक झाकून ठेवली. हात धुतले, पुसले. ती एवढा वेळ लावत होती की किसनरावांना वाटलं, आता पुन्हा काही नाही म्हणेल.

"माहा वर्ग साडेपाचले हाये," ती म्हणाली. "तुमचे पाव्हने पाचले येतात. आतल्या खोलीत पिंकी आन टीव्ही. मी फळा कुठी लावू, हे कोनी विचारलं नाई. वायर टीव्हीच्या मांगं घ्याची, हे तुमी परस्पर ठरवलं."

"बरोबर हाये. आनखी?"

"पाव्हने येतात तवा चहा मीच करतो. वर्ग चालू असताना कोन करीन?"

"मी करीन," मैनाबाई म्हणाल्या. "नाई तं हे करतीन."

"आनखी?" किसनराव म्हणाले.

या वेळी तिचा आवाज खाली आला.

"माहे बाबा दर खेपेले तुमाले विचारतात, आन तुमी म्हनता पाहू. मी दारामांगं उभी असतो. बैठकीत तुमी म्हनलं होतं, पोरगी नोकरी करीन. म्या त्या शब्दावर हो म्हनलं होतं, बाबा. घर पाहून नाई, पोरगा पाहून बी नाई. दुसरं एक स्थळ होतं अमरावतीतलंच, ते म्या सोडलं."

मैनाबाईंचे हात मेथीत थांबले. शेकडो घरं किसनरावांनी जोडली होती, मुलाचा पगार विचारला होता, शेती विचारली होती, मामा-काका विचारले होते, आणि कुठली मुलगी कशावर हो म्हणाली हे त्यांना एकाही लग्नातलं सांगता आलं नसतं. स्वतःच्या घरातलंसुद्धा आज कळत होतं.

"चुकलं माह्यं," ते म्हणाले. असं ते सहसा म्हणत नसत, त्यामुळं ते थोडं अडखळत आलं. मग त्यांनी खिशातून फोन काढला. "कोनतं घ्याचं?"

"ललितचं. बोलावलं तं येते तो."

"वायर कुठी?"

"पुढच्या खोलीत."

पुढची खोली म्हणजे किसनरावांची गादी. त्यांनी एकदा तिकडं पाहिलं आणि ललितला फोन लावला.

रविवारी सकाळी टाय लावलेला एजंट आला तेव्हा ललित शिडीवर होता आणि पोलपासून वायर अर्ध्या वाटेवर आली होती. एजंटनं विचारलं, सर, तुम्ही काल तर पक्कं म्हणाला होतात. स्थळ मोडायची किसनरावांकडं ठरलेली कारणं होती: मुलीला पुढं शिकायचं आहे, यंदा घरात करायचं नाही, मोठ्या भावाचं आधी बघतो. त्यातलं एकही त्यांनी काढलं नाही.

"पोरीनं नाई म्हटलं," त्यांनी सांगितलं आणि त्याला पाणी पाजून वाटेला लावलं.

सोमवारी पाच वाजता पुढच्या खोलीत भिंतीवर पांढरा फळा होता, दिवाणाच्या जागी टेबल होतं, आणि राउटरवर हिरवा दिवा होता. किसनरावांच्या प्लास्टिकच्या खुर्च्या अंगणातल्या कडुनिंबाखाली गेल्या होत्या. ऊन अजून उतरलं नव्हतं. आलेल्या पाहुण्यांना ते तोंडावर बोट ठेवून बसवत होते, आणि मैनाबाई गुडघा धरत, पण एका शब्दानं कुरकुर न करता, खिडकीतून चहाचे कप देत होत्या.

साडेपाचला आतून ज्योत्स्नाचा आवाज आला. अपूर्णांक चालू होते. आवाज लग्नाआधीच्या वर्गात असायचा तसा असावा. किसनरावांनी तो कधी ऐकलाच नव्हता. खडखडीत, मोकळा, मधूनच दटावणारा. एवढी मोठी बाई आपल्या घरात राहते, याचं त्यांना नवल वाटलं.

मध्येच आवाज थांबला.

किसनराव अर्धे उठले. हात खिशातल्या फोनवर गेला, ललितचा नंबर वरच होता. हिरवा दिवा इथून दिसत नव्हता. समोरचे पाहुणेही बोलायचे थांबले.

"हां, शाबास," आतून आवाज आला. "विचार करून उत्तर दिलंस ना, म्हणून बरोबर आलं. आता पुढचं घे."

किसनराव खाली बसले आणि त्यांनी सुपारी काढली.

"तं काय म्हनत होते तुमी?" त्यांनी समोरच्या गृहस्थांना विचारलं. ते मुलीचं स्थळ ठरवायला अमरावतीहून आले होते आणि खुर्ची सावलीत ओढायच्या खटपटीत होते.

"घर पाहून आलो, भाऊ. चांगलं हाये. पोरगा नोकरीवर. घरात मोठी सून हाये, पाच वर्षं झाले, तिची एक बी तक्रार नाई म्हनतात."

"कोन म्हनते?"

"घरचे सगळेच म्हनतात."

"सून म्हनते का?"

"ते कायले म्हनन? ते तं बोलतच नाई."

किसनरावांनी अडकित्ता थांबवला. "अजून एकदा जाऊन या," ते म्हणाले. "माह्यं नाव सांगू नका. त्या सुनेले विचारा, काय काय तक्रारी हायेत म्हून. चार सांगतल्या तं पोरगी बिनधास्त द्या."

"आन नाई सांगतल्या तं?"

"तं नका देऊ."

गृहस्थांनी खिडकीकडं पाहिलं, जिथून आवाज येत होता, आणि आवाज खाली आणून विचारलं, "तुमच्या सूनबाईच्या हायेत का, तक्रारी?"

"हायेत ना," किसनराव म्हणाले, आणि असा ताठा त्यांच्या आवाजात कुठलंही लग्न जुळवताना आला नव्हता. "नाई तं आपन इथं उन्हात काहून बसलो असतो?"